फाटकाला कुलूप, कुलपाला चावी

आई शाळेच्या फाटकाबाहेर, मी आत, आणि मध्ये एक सिस्टर कुलपाची चावी मुठीत घट्ट धरून उभी. शाळेची माझी पहिली ठळक आठवण ही. इतरांना पहिली पाटी आठवते, पहिल्या बाई आठवतात, मला भांडण आठवतं. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनीसुद्धा ते आठवलं की मी खुर्चीत सरसावून बसते.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही पिंपरीत, संत तुकाराम नगरात राहायला आलो होतो. वडील आकुर्डीच्या एका कंपनीत मशीनवर होते. आई चाकणच्या पलीकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली, बोलायला फटकळ आणि चालायला झपाट्याची. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते. आईने लग्नानंतर उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणाऱ्या बायांच्या पाया पडणं सोडलं. एक गोष्ट मात्र तिच्याने सुटली नाही. ती नवऱ्याचं नाव घेत नसे. समोर "अवो", मागे "पोरीचे वडील". वडील चिडवायचे, "तेहतीस कोटी देव सुटले, पण हे एक नाव काही तोंडातून सुटत नाही."

आई म्हणायची, "देव काय, दगडाचे व्हते. तुमी जित्ते हाय."

मला मिशनच्या शाळेत घालायचं हे वडिलांनी मी रांगत होते तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. आईला धाकधूक. आपल्याला तिथे नीट वागवतील का, ही एक. तिथे पोरीला बाटवतील का, ही शेजारणींनी भरवून दिलेली दुसरी. पहिल्या आठवड्यातच प्रार्थनेच्या वेळी मी नुसती टकमक बघत उभी राहिले, तेव्हा फाटकावरच्या त्याच सिस्टरने मला जवळ बोलावलं. ती केरळातली. मराठी शिकत होती आणि तिच्या मराठीत बाई-पुरुष सगळे एकमेकांत मिसळून जायचे. "तू घरी काय बोलतो?" तिने विचारलं. मी त्रिसरण म्हणून दाखवलं, तिन्ही ओळी, तीनदा. तिने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगला आहे. आम्ही आमचा म्हणणार, तू मनात तुझा म्हण. पण हात जोडून सरळ उभा राहा." मी घरी येऊन हे सांगितलं. वडील खूश झाले. आई म्हणाली, "बघू."

वडिलांची हौस तर विचारू नका. त्यांनी मला ॲल्युमिनियमची पेटी आणली आणि तिच्या झाकणावर कंपनीतून आणलेल्या उरलेल्या पांढऱ्या रंगाने माझं पूर्ण नाव लिहिलं. माझं, मग त्यांचं, मग आडनाव. अक्षरं केवढी, तर बोटभर उंच. त्यांच्या आजोबांना गावात कुणी धड नावाने हाक मारत नसे, म्हणून पोरीचं नाव असं, रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वह्यांवर नाव, डब्यावर नाव, छत्रीच्या मुठीवरसुद्धा नाव. मी ती पेटी घेऊन चालायचे तेव्हा मला वाटायचं, सगळी पिंपरी माझंच नाव वाचतेय.

शाळेचा एक नियम होता. सुटल्यावर मूल कुणाच्याही हाती द्यायचं नाही. नेणाऱ्याने फाटकाशी मुलाचं पूर्ण नाव सांगायचं, वहीत सही किंवा अंगठा करायचा, मगच मूल मिळेल. सिस्टरने पालकांच्या सभेत सांगितलं होतं, "इकडे सगळा माणूस बाहेरून आला आहे. कोणी कोणाचा तोंड ओळखत नाही. देवाने मूल आमच्या हातात दिला. आम्ही कोणाच्या पण हातात नाही देणार." आणि ते खरंच होतं. आमच्या कॉलनीत लातूरचे होते, रत्नागिरीचे होते, मावळातले होते. दर पंधरा दिवसांनी बापांची शिफ्ट बदलायची आणि पोरांना न्यायला कधी काका, कधी शेजारी, कधी वरच्या मजल्यावरचं कुणी येई.

पहिले दोन आठवडे वडिलांची दुसरी पाळी होती, म्हणून दुपारी तेच यायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना पहिली पाळी लागली आणि आई आली.

मी फाटकाच्या आतून तिला पाहिलं आणि उड्या मारायला लागले. ती नेसण्यातलं चांगलं लुगडं नेसून आली होती. तिचा नंबर लागला. सिस्टरने विचारलं, "मुलाचा पूर्ण नाव?"

आईने माझं नाव सांगितलं. मग एक बारीकसा श्वास घेतला. मग आडनाव सांगितलं.

"मध्ये?" सिस्टर म्हणाली.

"मधलं तुमच्या वहीत हाय की."

"वहीत आहे. तुम्ही सांगा."

आईने पदर तोंडाशी नेला. "पोरीचे वडील."

"हो, वडील. त्याचा नाव?"

"पोरीचे वडील!"

सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. ज्या बाईला मुलीच्या बापाचं नाव सांगता येत नाही, ती या मुलीची आई कशी? त्या बिचारीच्या हिशेबाने हे अगदी सरळ होतं. केरळातल्या तिच्या गावी आईने बापाचं नाव खुशाल घेतलं असणार. तिने फाटकाची कडी लावली आणि कुलूप घातलं.

मी आतून ओरडले, "सिस्टर, मी सांगते!" आणि बापाचं नाव घडाघडा सांगून टाकलं. सिस्टर माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "तू नाही बोलायचा. हा बाई सांगणार." मी म्हटलं, "अहो, ती माझी आई आहे!" पण ते कुणाच्या कानातच गेलं नाही. मोठी माणसं आपसात बोलायला लागली की लहानांचा आवाज कुठे जातो कोण जाणे.

आणि आई गप्प झाली. माझी आई, आणि गप्प! मी घाबरले. ती कशाने गप्प झाली हे मला फार पुढे कळलं. बंद दाराबाहेर उभं राहणं तिला लहानपणापासून माहीत होतं. गावात देवळाबाहेर उभी राहिली होती, विहिरीपासून दहा हात लांब उभी राहिली होती. आता लेकीच्या शाळेबाहेर. तिला वाटलं, झालं, इथेही तेच. मग ती सिस्टरला नव्हे, गजांतून मला म्हणाली, "चल. उद्यापासनं ह्या शाळंत यायचं न्हाई. कॉलनीतल्या शाळंत जायचं."

मला ही शाळा हवी होती. इथे घसरगुंडी होती, रंगीत खडूंचा डबा होता, माझ्या नावाची खुंटी होती. मी गजाला धरून भोकाड पसरलं.

तेव्हा रांगेतली एक बाई पुढे आली. साताऱ्याकडची, आमच्याच वर्गातल्या मुलीची आई, अंगाने दांडगी. ती म्हणाली, "अहो सिस्टर, त्या मालकांचं नाव घेत न्हाईत. आमच्यात न्हाईत घेत. उखाण्यात घेतील."

"उखाणा म्हणजे काय?"

आता सांगा, कुलूप लावलेल्या फाटकाशी उभं राहून कुणी कुणाला उखाणा समजावायचा? ती बाई म्हणाली, "गाणं असतंय. त्यात नाव लपवायचं." सिस्टर आणखीच गोंधळली. नाव सांगायचं तर लपवायचं कशाला? मागच्या बायका खिदळायला लागल्या. "घ्या हो वहिनी! घ्या नाव!" एकच गलका झाला. जणू काही लग्नाचा मांडव.

आई लालबुंद. लाजेने नव्हे, रागाने. तिने पदर डोक्यावर सारखा केला, सिस्टरच्या हातातल्या चावीवर नजर रोखली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"फाटकाला कुलूप, कुलपाला चावी,
—रावांची लेक माझ्या हाती द्यावी!"

अशा टाळ्या पडल्या म्हणता! साताऱ्याच्या बाईने बोटं मोडून आईवरून कडाकडा दृष्ट काढली. मी रडता रडता नाचायला लागले. सिस्टरला ओळी कळल्या नाहीत, पण मधलं नाव कळलं. तिने वहीत पाहिलं, कुलूप काढलं, आणि मला आईच्या हाती देताना म्हणाली, "परत एकदा म्हणा. मी लिहितो."

"एकदा म्हनलं ते बास," आई म्हणाली आणि मला ओढत निघाली.

घरी आल्यावर रणधुमाळी. "दारात अडवलं मला," हे एकच पालुपद. वडील समजावत होते, "अगं, दारात सगळ्यांनाच अडवतात. मलाही अडवलं होतं." पण वडिलांनी सही केली होती ऐटीत, अडवल्याचं त्यांना काय वाटणार? दुसऱ्या दिवशी आईने मला शाळेत पाठवलं नाही. मी खिडकीत बसून पेटी कुरवाळत राहिले.

संध्याकाळी दार वाजलं. बघते तर सिस्टर! पांढरा झगा, डोक्यावर फडकं, चपला धुळीने भरलेल्या. शाळेपासून चालत आली होती, पत्ता विचारत विचारत. जिन्यात सगळी कॉलनी गोळा झाली. आई भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली.

सिस्टर खाली सतरंजीवरच बसली. म्हणाली, "माझा चुकी झाला. मला माहीत नव्हता. तुम्हाला बाहेर ठेवायचा नव्हता. मुलाला आत ठेवायचा होता."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग पिठाचे हात धुऊन चहा टाकला. सिस्टरने आमच्या कपातून तो चहा प्यायला, बशीत ओतून, फुर्र आवाज करत, आणि आणखी मागितला. आईचं अर्धं भांडण त्या दुसऱ्या कपात बुडालं. उरलेलं अर्धं तिने तोंडाने काढलं.

"पन सिस्टर, तुमचा नेम कच्चा हाय," ती म्हणाली. "नाव काय, कुनीबी सांगंल. ह्यांनी तर पेटीवर लिवून ठिवलंय, आंधळ्याला दिसंल असं. चोर धडाधडा नाव घील आन् आई अडंल. त्यापरीस पोरीला इचारा की, ही कोन म्हनून! ती एवढी बोंबलत व्हती, तिला कुनी इचारलंच न्हाई."

सिस्टर थबकली. कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "खरा आहे. तुला मी विचारला नाही. सॉरी." पांढऱ्या झग्यातल्या मोठ्या बाईने मला सॉरी म्हटलं! मी पुढचे आठ दिवस कॉलनीभर हे सांगत फिरले.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. आधी मुलाला विचारायचं, "हा कोण?" मुलाने ओळखलं तर पुढे. आणि प्रत्येक घराने आपला एक उखाणा सिस्टरच्या कानात सांगून ठेवायचा. ती तो वहीत लिहायची, आपल्या मल्याळी अक्षरांत. म्हणजे वही कुणाच्या हाती लागली तरी वाचणार कोण! आईऐवजी दुसरं कुणी येणार असेल, तर घरच्यांनी त्याला आपला उखाणा शिकवून पाठवायचा. आईचा उखाणा तर गावजेवणासारखा सगळ्यांनी ऐकला होता, म्हणून तिने सिस्टरला गुपचूप दुसरा दिला. पण त्या पहिल्यावरचा हक्क काही सोडला नाही. रोज फाटकाशी आली की तो ठसक्यात म्हणायचीच.

काय मजा यायची त्या दुपारी! बायका वाटेतच पुटपुटत यायच्या. लातूरच्या एका आजीचा उखाणा इतका लांब की घंटा होऊन गेली तरी नाव येईना. सगळ्यात गंमत बापांची. कंपनीच्या निळ्या कपड्यातली दांडगी माणसं सिस्टरच्या कानाशी वाकून घरचा उखाणा बायकोचं नाव घालून म्हणायची आणि कानाच्या पाळ्या लाल करून परत फिरायची. माझे वडील पहिल्यांदा गेले तेव्हा दुसरी ओळच विसरले. सिस्टरने त्यांना तीनदा परत पाठवलं. "नाही. चूक आहे. परत." आईने ते ऐकलं आणि दोन दिवस हसत होती. सिस्टरचं मराठीही या बायकांनीच सुधारलं, म्हणजे त्यांच्या मते सुधारलं. वर्षभरात ती "आला" आणि "आली" अजून चुकायची, पण "व्हय" मात्र झोकात म्हणायची.

आणि मग तो दिवस आला. मी दुसरीत होते.

सुटायला थोडा वेळ होता. एक माणूस फाटकाशी आला. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. त्याने माझं पूर्ण नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव, हजेरी घेतल्यासारखं, कुठे अडखळणं नाही. म्हणाला, वडिलांचा हात मशीनमध्ये गेलाय, दवाखान्यात नेलंय, आई तिकडेच आहे, पोरीला बघायचं म्हणतायत. तिला लवकर न्यायला मला पाठवलंय.

सिस्टरने मला वर्गातून बोलावलं. मी पेटी घेऊन आले. वडिलांचा हात, हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. तेच हात, ज्यांनी माझं नाव रंगवलं होतं. मी रडत फाटकाकडे धावले. मला जायचं होतं. हे मी लपवत नाही. त्या क्षणी कुलूप नसतं तर मी त्या माणसाचं बोट धरून गेले असते.

सिस्टरने माझा खांदा धरला आणि माझ्या डोळ्यांशी वाकली. "हा कोण?"

"मला जायचंय!"

"जायचं नंतर. आधी सांग. हा कोण?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "माहीत नाही," मी म्हटलं.

सिस्टर त्याच्याकडे वळली. "उखाणा सांगा."

तो हसला. "कसला उखाणा, सिस्टर? तिथे माणूस मरायला टेकलाय, आणि तुम्ही उखाणे काय विचारता?"

"मुलगी थांबणार," सिस्टर म्हणाली. नेमकं त्या दिवशी "मुलगी" बरोबर आलं तिला. "तुम्ही बाहेर थांबा. मी कंपनीत फोन करतो."

ती मला घेऊन ऑफिसात गेली. फोन लागेना. लागला तर तिकडचे लोक वडिलांना शोधायला गेले. मी टेबलाचा पाय धरून उभी. सिस्टरच्या दुसऱ्या हातात जपमाळ फिरत होती, आणि मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होते. तिचं ती म्हणत होती, माझं मी. शेवटी फोनमधून वडिलांचा आवाज आला, खेकसल्यासारखा, कारण त्यांना वाटलं मलाच काहीतरी झालंय. दोन्ही हात शाबूत होते त्यांचे. आम्ही बाहेर आलो तोवर तो माणूस गेला होता. तो कोण होता, त्याला मी कशाला हवी होते, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पोलीस येऊन गेले, चौकशी झाली, हाती काही लागलं नाही.

पण कुणीतरी कॉलनीत धावत जाऊन आईला अर्धीच बातमी दिली होती. कंपनीत हात गेला, शाळेत निरोप आलाय, एवढीच.

ती आली ती पळत. अनवाणी. पदर जमिनीवर लोळत होता. तिने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून हलवले आणि ओरडली, "सिस्टर! — कुठंय? काय झालं माझ्या —ला?"

जिथे मी रेघ ओढलीय, तिथे तिने वडिलांचं नाव घेतलं होतं. नुसतं नाव. ना पुढे ओळ, ना मागे राव. भर दुपारी, रस्त्यावर, सगळ्यांदेखत, दोनदा.

सिस्टरही हलली असणार. तिने चावी कुलपाशी नेली. पण तिने लगेच कुलूप उघडलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

मला असा राग आला! रोज बघतेस की, म्हणावंसं वाटलं. "माझी आई!" मी किंचाळले. मग फाटक उघडलं.

"हात ठीक आहे," सिस्टर तिला सांगत होती, "दोन्ही हात ठीक आहे. बोललो मी." आई तिथेच मातीत बसली आणि मला पोटाशी धरून हुंदके देऊ लागली. सिस्टर तिच्या शेजारी बसली, पांढऱ्या झग्यासकट, मातीतच.

संध्याकाळी वडिलांनी खाली अंगणात माझी पेटी घेतली, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, आणि झाकणावरचं नाव पुसायला बसले. रंग पक्का होता, सुटत नव्हता. माझं नाव गेलं, आडनाव गेलं. मधलं तेवढं घासत राहिले. मग त्यांच्याने राहवेना. मान वर न करता म्हणाले, "मी ऐकलंय, शाळेत कुणीतरी माझं नाव घेतलं म्हणे. दोनदा. मी नव्हतो तिथे. आता एकदा माझ्यासमोर घे की."

"जावा तिकडं," आई म्हणाली. ती माझी वेणी सोडत होती. थोड्या वेळाने, हळूच, तिने सुरुवात केली.

"फाटकाला कुलूप, कुलपाला चावी..."

आणि पुढे तिला येईना. रोज म्हणत आलेली ओळ. वडील चिंधी हातात धरून वाट बघत राहिले. तिने माझ्या केसांत बोटं रुतवली आणि तशीच धरून ठेवली.

"आता कुनाकडं मागू?" ती म्हणाली. "लेक हितंच हाय."